रुसायला दुसरं घर

व्हर्लिन टॉलेफसननं कोरीनच्या घराला खिडकी बसवली, आणि त्या दिवसापासून आर्डिसच्या तोंडची चव गेली.

आर्डिस ही व्हर्लिनची बायको. कोरीन त्याची कुणी नव्हे. आमच्या चर्चच्या मागच्या हिरवळीवर आम्ही बेघर माणसांसाठी चिमुकली घरं उभी केली, त्यातल्या कुंपणाकडच्या घरात राहायला आलेली ती बाई. त्याआधी ती आपल्या जुन्या मोटारीत झोपायची. हिवाळ्यातसुद्धा. मिनेसोटातल्या हिवाळ्यात मोटारीत झोपणं म्हणजे काय, हे आम्हाला सांगावं लागत नाही. इथं थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते.

व्हर्लिन जन्मभर सुतारकाम करत आला. निम्म्या गावाची दारं-खिडक्या त्याच्या हातची. पण त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात भांडी घासायच्या मोरीसमोर कोरी भिंत. आर्डिस लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून म्हणत होती, "इथं एक खिडकी असती तर बरं झालं असतं." व्हर्लिन म्हणायचा, "बघू. बर्फ वितळू दे." बर्फ वितळलं की दुसऱ्या कुणाच्या तरी ओसरीचं काम निघायचं. मग व्हर्लिननं काम सोडलं, पेन्शनीत गेला, तरी भिंत होती तशीच राहिली.

आणि कोरीनला त्यानं नुसती खिडकी दिली नाही. भिंतीच्या बाहेर हातभर काढलेली, तीन बाजूंनी काच, आत बसायला गुळगुळीत रंधलेली फळी. दोघं जण कॉफीचा कप घेऊन बसतील एवढी. घरची म्हणते देवा देवा अन् बाहेरचीला चोळी शिवा, त्यातली गत.

घरं बघायला बोलावलं होतं त्या रविवारी आर्डिसही आली. मी तळघरातल्या स्वयंपाकघरात कॉफीचं बघते, म्हणून सगळ्यांची तोंडं मला दिसतात. परत आल्यावर तिच्या हातात कप देत मी विचारलं, "कशी वाटली घरं?"

"छान झालीत," ती म्हणाली, आणि साखर न घालताच ढवळत बसली.

आमच्याकडे बाई 'छान' म्हणून गप्प बसली की समजून जावं.

तशी ही घरं सुखासुखी उभी राहिली नव्हती. पास्टर सिग्ने आमच्याकडे आल्या तेव्हा तरुण होत्या आणि हट्टीही. देवळाच्या जागेवर अशी घरं ठेवायला राज्याचा कायदाच परवानगी देतो, नगरपालिकेला नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी शोधून काढलं. नगरपालिकेत जाहीर बैठक झाली तेव्हा कुंपणापलीकडचे लिंडग्रेन उठून उभे राहिले. "माझं घर त्यांच्या दारात येईल," ते म्हणाले. "रोज आरडाओरडा होणार, रोज भांडणं. मी झोपायचं कसं?" टाळ्याही पडल्या. आमच्याच मंडळीतल्या काही हातांनी त्या वाजवल्या, हे मी पाहिलं.

तरी परवानगी मिळाली, कारण कायदाच तसा होता. पण त्यात अटी होत्या. घरं चाकांवर हवीत. कुंपणापासून ठरलेलं अंतर सोडायचं. दोन घरांमध्येही सोडायचं, आगीच्या भीतीनं. आणि एक अट चमत्कारिक होती. जितकी घरं, त्यातल्या एक तृतीयांश घरांत बेघर नसलेली माणसं राहायला हवीत, आपखुशीनं, शेजारी म्हणून. लिंडग्रेनना वाटलं, ह्या अटीपायी सगळंच बारगळेल. स्वतःचं घर सोडून कोण जाईल त्या खोक्यात? पास्टर सिग्नेंना मात्र तीच अट सगळ्यांत आवडली. "नाहीतर ती नुसती छावणी होईल," त्या म्हणायच्या. "शेजार असला तर माणूस टिकतो."

सहा घरं झाली. चार बेघरांना, दोन शेजाऱ्यांना. एका घरात बेव्हर्ली नावाची निवृत्त नर्स आली, दुसऱ्यात एक तरुण जोडपं.

व्हर्लिनचं काम घरं झाली तेव्हाच संपायला हवं होतं. संपलं नाही. कधी कोरीनच्या दाराची बिजागरी करकरते, कधी फडताळ तिरकं बसलंय, कधी पायरी हलते. हत्यारांची पेटी उचलून तो सकाळीच निघायचा. आर्डिसला वाटायचं, एवढ्याशा घरात बिजागऱ्या तरी किती असतात?

एकदा ती तळघरात पाव पोचवायला आली होती. मागच्या दारातून कोरीनचं घर दिसतं. पायरीवर व्हर्लिन बसला होता, आणि हसत होता. नुसता ओठ हलवून नाही, मान मागं टाकून. आर्डिस टोपली हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही. त्याचे मागचे दात बघत होते," ती म्हणाली. "बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते."

घरी तो तीन शब्द बोलायचा: 'हो', 'नाही' आणि 'बघू'. आणि कोरीन काही रूपवती नव्हती. आर्डिसच्याच आसपासचं वय, पुढचा एक दात पडलेला, आवाज पुरुषासारखा घोगरा. ती देखणी असती तर बरं झालं असतं, असं आर्डिस मला पुढं म्हणाली. मग निदान कारण तरी कळलं असतं. त्यानंतरच्याच आठवड्यात कोरीनच्या त्या फळीवर आर्डिसनं स्वतःच्या हातानं घातलेल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी दिसली. झाकणाला तिनंच बांधलेलं निळ्या चौकटीचं फडकं. तो मुरंबा ती नाताळसाठी राखून ठेवायची.

वरून बायका तिला म्हणायच्या, "तुझा व्हर्लिन म्हणजे देवमाणूस बाई! काय हात आहे!" आर्डिस मान डोलवायची. पोटात जळत असलं तरी आमच्याकडे वरून लोणी लावायचं असतं.

झाडांची पानं गळायला लागली तेव्हा त्या तरुण जोडप्यातल्या बाईला दिवस गेले आणि ती दोघं आईच्या गावी निघून गेली. शेजाऱ्यांची दोनपैकी एकच जागा भरलेली राहिली. नगरपालिकेतून हॉलस्टाड आला. घरांची तपासणी हाच माणूस करायचा. स्वभावानं वाईट नव्हता, पण मोजपट्टी खिशातच असायची. "पास्टर, शेजारी आणा," तो म्हणाला. "नाही मिळाला तर परवानगी थांबवावी लागेल. मग भर थंडीत ह्या लोकांना उठवायची पाळी माझ्यावर आणू नका."

रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टर सिग्नेंनी सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "कोण येईल?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाची मांजर म्हातारी होती. मग उजवीकडच्या बाकावरून आवाज आला.

"मी येते."

आर्डिस होती. व्हर्लिननं मान वळवून तिच्याकडे असं बघितलं, की जणू शेजारी कुणी परकीच बाई येऊन बसलीय.

तळघरात कॉफी घेताना तो तिच्या मागं लागला. "अगं, तुला घर आहे!"

"म्हणूनच तर. घर असलेलीच माणसं हवी आहेत. नियम नाही ऐकलास?"

"आणि माझं जेवण?"

"तू तिथं रोज येतोसच की. येशील तेव्हा खात जा."

पास्टर सिग्नेंनी तिला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, ही प्रभूची हाक. मी कपांत कॉफी ओतत राहिले.

आर्डिस राहायला गेली ती दोन पेट्या, उशी आणि शिवणकामाची पिशवी घेऊन. तिचं घर कोरीनच्या लगतचं. आत एक पलंग, एक कपाट, एक छोटा हीटर. भिंतीत काचेची फट म्हणावी एवढीच खिडकी, पण ती नेमकी कोरीनच्या दाराकडे तोंड करून. आर्डिसनं खुर्ची तिथंच मांडली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कोरीन तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही माझ्यावर पहारा द्यायला आलात ना?"

"मी सेवेला आलेय," आर्डिस म्हणाली.

"बरं. तुमची सेवा माझ्या दाराकडेच तोंड करून बसते, म्हणून विचारलं."

आर्डिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "थंडी आत येतेय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

व्हर्लिनची मात्र पंचाईत झाली. कोरीनकडे जायचं तर बायकोच्या दारावरून जावं लागे. पहिल्या दिवशी तो पेटी घेऊन आला, दोन्ही दारांच्या मधोमध थांबला, आणि शेवटी बेव्हर्लीच्या दाराची कडी दुरुस्त करून गेला. तिची कडी बिघडलेलीच नव्हती. पण आठवड्याभरात तो सरावला. पुन्हा कोरीनच्या पायरीवर बसायला लागला, पुन्हा हसणं ऐकू यायला लागलं. आर्डिस भिंतीआड शिवत बसायची, आणि टाके उसवून पुन्हा घालायची. शब्द कळायचे नाहीत, नुसतं हसणं कळायचं.

अशात हॉलस्टाड तपासणीला आला. नवी शेजारीण आली, आता सगळं नियमात आहे ना, एवढंच त्याला बघायचं होतं. पलीकडे लिंडग्रेन कुंपणाला हात टेकून उभे. कोरीन आपल्या पायरीवर. हॉलस्टाडनं कोरीनच्या घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत पट्टी धरली, मान हलवली, आणि पट्टी गुंडाळून खिशात घालायला लागला.

"आणि ती खिडकी बाहेर आलीय, ती नसते का धरायची?" आर्डिस म्हणाली. आवाज अगदी गोड. देणग्यांचे डबे कुठं ठेवू, असं विचारावं तसा.

हॉलस्टाडचा हात खिशातच थांबला. त्यानं एकदा आर्डिसकडे, एकदा लिंडग्रेनकडे बघितलं. "आता तुम्ही विचारलंत म्हणजे," तो हळू म्हणाला, "मला मोजावंच लागेल."

मोजलं. बाहेर आलेली खिडकी धरली तर जागा कमी पडत होती. थोडीच, पण कमी ती कमी. लिंडग्रेन समाधानानं खोकले. महिना संपायच्या आत खिडकी काढून भिंत सपाट करायची, नाहीतर त्या घराची परवानगी गेली, असं हॉलस्टाडनं सांगितलं. सांगताना त्याची नजर जमिनीकडे होती.

कोरीन पायरीवरून उठली. आत गेली.

त्या संध्याकाळी मी तळघरात कॉफीचं मोठं भांडं घासत होते. सहाही घरांचा स्वयंपाक तिथंच होतो, कारण घरांत पाण्याचे नळ नाहीत. आर्डिस भट्टीसमोर वाकून बटाट्याच्या हॉटडिशला, म्हणजे आमच्या भाजलेल्या बटाटा-खिम्याला, रंग आलाय का ते बघत होती. कोरीन जिन्यावरून उतरली आणि तिच्या पाठीशी उभी राहिली.

"मला एवढंच सांगा, मी तुमचं काय घेतलं?"

आर्डिस सरळ झाली. "मी फक्त नियम विचारला."

"नियम गेला खड्ड्यात. तुमचा नवरा घेतला, असं वाटतं तुम्हाला? त्या म्हाताऱ्याला? तो माझ्याकडे येतो आणि लाकडाविषयी बोलतो. ओक असा फाटतो, पाइन तसा फाटतो. मी ऐकते. मोटारीत राहताना माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं, लाकडाविषयीसुद्धा नाही."

"मग हसता कशाला एवढं?"

"हसू नको? घर मिळालंय मला!"

आर्डिसनं हातातलं फडकं पिळायला सुरुवात केली. ते कोरडंच होतं. मग तिच्या तोंडून निघालं, "ती खिडकी मी मागितली होती. माझ्या घराला. जन्मभर मागितली."

"कशी मागितलीत?"

"म्हणजे?"

"काय शब्दांत मागितलीत, ते सांगा."

"म्हटलं, इथं खिडकी असती तर बरं झालं असतं."

कोरीनला हसू आलं, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मी काय म्हटलं माहितेय? म्हटलं, मला बाहेर बघता येणार नसेल तर तुमचं खोकं तुमच्याकडे ठेवा, मी मोटारीत बरी. मोटारीला चारी बाजूंनी काचा असतात. कोण येतंय ते दिसतं. तुमचा व्हर्लिन घाबरला. पळत जाऊन लाकूड घेऊन आला."

मी भांडं घासायची थांबले होते. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

"तुम्ही रुसून इथं आलात," कोरीन म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "मला कळलं होतं पहिल्याच दिवशी. सेवा नाही, रुसवा. आणि तुम्हाला म्हणून सांगते, नवऱ्याचा नाही, पण तुमच्या त्या रुसव्याचा मला हेवा वाटला. नवऱ्यावर रागावून उठायचं आणि दुसऱ्या घरात जाऊन बसायचं! रुसायला दुसरं घर असावं लागतं. मी माझ्या नवऱ्यावर रुसले तेव्हा रस्त्यावर आले."

भट्टीतून करपल्याचा वास आला. मीच धावत जाऊन भांडं बाहेर काढलं. तोवर कोरीन वर गेली होती. आर्डिस खुर्चीवर बसली, आणि त्या दिवशी तिनं कॉफीसुद्धा घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचं दार उघडायच्या आधीच ती बाहेर उभी होती. हॉलस्टाड गाडीतून उतरला तो तिला बघून दचकलाच. त्याला वाटलं, आता ही आणखी काय दाखवणार?

"ती घरं चाकांवर आहेत," आर्डिस म्हणाली. "ढकलली तर चालतील का?"

"चालतील. चाकं त्यासाठीच आहेत. पण कोरीनचं घर सरकवलं तर तुमच्या घराला भिडेल. दोन घरांतल्या अंतरात सूट देता येणार नाही मला."

"मग माझं हलवा."

"तुमचं कुठं हलवणार? पलीकडे बेव्हर्ली आहे. जागा उरते ती फक्त मोटारी लावतात तिथली, कचऱ्याच्या पेट्यांजवळ. पहाटे बर्फ काढायचं यंत्र अगदी कानाशी घरघरेल तुमच्या."

"मला झोप तशीही कमीच आहे," आर्डिस म्हणाली.

घरं हलवायचा दिवस कडाक्याच्या थंडीचा निघाला. चाकं जमिनीला गोठून बसली होती. मंडळीतल्या एकानं ट्रॅक्टर आणला, बायकांनी तळघरातून कढत पाण्याच्या बादल्या वाहिल्या, बापयांनी चाकांखाली फळ्या सारल्या. व्हर्लिन गुडघ्यावर बसून पहारीनं बर्फ फोडत होता आणि एकदाही बायकोकडे बघत नव्हता. खिडकी कुणी मोजायला लावली, ते त्याला हॉलस्टाडकडून कळलं होतं. पहिल्यांदा आर्डिसचं घर निघालं. असं काही कडाडलं की सगळे मागं सरले. आतलं कपाट उघडून तिच्या कपबशा जमिनीवर पडल्याचा आवाज बाहेर आला.

"थांबवू का?" ट्रॅक्टरवाला ओरडला.

"ओढ!" आर्डिस ओरडली.

मग कोरीनचं घर सरकलं, कुंपणापासून दूर, खिडकीसकट. हॉलस्टाड स्वतः हजर होता. त्यानं खिडकीच्या बाहेरच्या काचेपासून मोजलं, दोनदा मोजलं, आणि लिंडग्रेनच्या दिशेनं म्हणाला, "बसतंय." लिंडग्रेन घरात निघून गेले.

आभार वगैरे कोरीननं मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कचऱ्याच्या पेट्यांजवळच्या दारावर थाप मारली. "तुझे कप फुटले ना? माझ्याकडे दोन आहेत. यायचं तर ये."

आर्डिस गेली. त्या फळीवर दोघी बसल्या. पुढं ते रोजचंच झालं. बाहेर बर्फ, आत तीन बाजूंनी ऊन, आणि दोघींच्या मध्ये मुरंब्याची बरणी. आर्डिसला टोमणे मारता येतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कोरीनला ते माहीत झालं. लिंडग्रेनांच्या खोकल्याची नक्कल ती इतकी हुबेहूब करायची, की कोरीन पोट धरून कोसळायची. कोरीन तिला रस्त्यावरचे किस्से सांगायची, त्यातले काही मी इथं सांगू शकत नाही.

व्हर्लिन पेटी घेऊन यायचा तेव्हा फळीवर तिसऱ्याला जागा नसायची. तो दाराशी उभा राहायचा. "बिजागरी कशी आहे?" विचारायचा.

"उत्तम आहे," कोरीन म्हणायची. दोघी त्याच्याकडे बघत थांबायच्या, तो जाईपर्यंत. आणि तो चार पावलं गेला की पाठीमागून हसण्याचा आवाज यायचा.

मग तो आर्डिसच्या घराकडे वळायला लागला. "तुझं दार चिकटतंय का?"

"नाही."

"हीटर नीट चालतोय?"

"चालतोय."

बिचारा वाळत चालला होता. घरी डब्यातली घेवड्याची उसळ थंडगार खायचा, असं त्याच्या कोटावरच्या डागांवरून कळायचं. एकदा मला म्हणाला, "एवढं काय बोलतात गं त्या?" मी म्हटलं, "जाऊन विचार की." तो म्हणाला, "विचारलं. 'काही नाही' म्हणाली." आर्डिसला इतके दिवस जे होत होतं ते आता त्याला होत होतं. मी त्याच्या कपात जास्तीची साखर घातली. दुसरं काय करणार?

फुटला तो एका शनिवारी भर दुपारी, मोटारी लावायच्या जागेत. आर्डिस कोरीनकडून परत येत होती, चेहऱ्यावर हसू अजून होतंच. व्हर्लिननं तिची वाट अडवली.

"माझ्याशी कधी बोललीस का अशी? सांग! कधी हसलीस?"

"तू कधी ऐकलंस? 'बघू' सोडून तोंडातून काही निघालं का तुझ्या?"

"मग ओरडायचं होतंस माझ्यावर! ती ओरडली, तिला खिडकी मिळाली. तू ओरडली असतीस तर मी घर बांधलं असतं!"

"आमच्यात ओरडत नाहीत!"

"मग आत्ता काय करतेयस?"

"ओरडतेय!"

आणि खरंच ओरडली. लग्नापासूनचं सगळं काढलं. मधुचंद्राला सोबत नेलेली त्याची मासेमारीची काठी, तिच्या आईच्या अंत्यविधीला तो उशिरा आला ते, कोरी भिंत, मुरंबा. व्हर्लिनही मागं राहिला नाही. पेटी आपटली, त्यातले खिळे बर्फावर विखुरले. चारही घरांतली बेघर माणसं आपापल्या दारात येऊन अवाक् होऊन बघत होती. बेव्हर्ली म्हणाली, मध्ये पडू का? कोरीन म्हणाली, "अजिबात नको. बऱ्याच वर्षांचं तुंबलंय."

लिंडग्रेननी लगेच नगरपालिकेला फोन केला. हॉलस्टाड आला तोवर दोघं दमून आर्डिसच्या पायरीवर बसली होती आणि बर्फातले खिळे वेचत होती.

"बेघरांच्या भांडणाची तक्रार आलीय," हॉलस्टाड म्हणाला. "आरडाओरडा, वस्तूंची आदळआपट."

"झाला आरडाओरडा," आर्डिस म्हणाली. आवाज बसला होता तिचा. "पण आम्ही दोघंही बेघर नाही. काय कारवाई करायची ती कर."

हॉलस्टाडनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "यावर नियम नाही," तो म्हणाला. आणि जाता जाता कुंपणापाशी थांबून लिंडग्रेनना त्यानं जे सांगितलं, त्यानंतर त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

त्या भांडणानं सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. आर्डिस लगेच घरी गेली नाही. शेजाऱ्याची जागा रिकामी पडली असती, आणि मला विचाराल तर तिला जायचंही नव्हतं. पण व्हर्लिन रोज संध्याकाळी तळघरात जेवायला यायला लागला. दोघं एकमेकांसमोर बसून हळू आवाजात भांडायची. बघायला बरं वाटायचं.

तळ्यावरचं बर्फ फुटलं त्या सुमाराला शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं पास्टर सिग्नेंना सांगितलं, की ती राहायला येईल. आर्डिसला आता थांबायचं कारण उरलं नाही. निघायच्या दिवशी व्हर्लिननं ट्रक आणून उभा केला. पेट्या चढवल्या. सगळे निरोप द्यायला जमले, फक्त कोरीन आली नाही.

आर्डिस तिच्याकडे गेली. मी तिच्यासाठी पाव बांधून आणला होता, तो द्यायला मागोमाग गेले आणि दारातच थांबले. कोरीन फळीवर बसून बाहेर बघत होती. तिच्या नावाची स्वस्त भाड्याच्या घरांच्या प्रतीक्षायादीत नोंद होऊन किती काळ लोटला होता. अजून कुठूनच बोलावणं नव्हतं.

"जा," ती मान न वळवता म्हणाली. "तुला जायला आहे."

"मी गुरुवारी येईन."

"ये. शेजारीण म्हणून नाही, पाहुणी म्हणून येशील."

आर्डिस फळीपर्यंत गेली. काय म्हणणार होती? 'तुझंही होईल सगळं ठीक' असं आम्ही चर्चमध्ये म्हणतो, पण तिथं ते वाक्य उभं राहिलं नसतं. तिला स्वतःचं घर होतं, नवरा होता, आणि तो नवरा तिला न्यायला आला होता. ह्यातलं काही कापून अर्धं कोरीनला देता येत नव्हतं.

"जळतेस माझ्यावर?" शेवटी तिनं विचारलं.

"हो," कोरीन म्हणाली. "लपवू कशाला?"

"मी पण जळत होते."

"माहितेय. तुझं जळणं विझण्यातलं होतं."

आर्डिस तिच्या शेजारी बसली. कोटाची बटणं लावली होती तशीच. कोरीननं थोडी जागा करून दिली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, आणि थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

"तुझा म्हातारा खोळंबलाय," कोरीन म्हणाली.

"खोळंबू दे," आर्डिस म्हणाली. "कॉफी आहे का?"

कोरीननं थर्मास पुढं केला. मी पाव पायरीवर ठेवला आणि व्हर्लिनला सांगायला गेले, की इंजिन बंद कर.